रायडरमधले डेसिबल

(उत्सवाच्या तयारीसाठी बोलावलेल्या मंडळाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने आम्हाला दिलेला आजचा विषय उत्सवाच्या बैठकीला शोभावा इतका गोड नाही. पण पुण्या-मुंबईचे कलाकार बुऱ्हाणपूरला बोलवायचे तर तो टाळताही येत नाही. पूर्वी कलाकाराचे पत्र यायचे त्यात मानधन, येण्याजाण्याचे भाडे, उतरण्याची सोय आणि फार तर ‘जेवणात तिखट कमी’ एवढे असायचे. आता त्या पत्रासोबत पाच-सहा पानांचा आणखी एक कागद येतो. त्याला टेक्निकल रायडर म्हणतात. कराराला जोडलेले तांत्रिक परिशिष्ट असे समजा. स्टेज किती फूट, माइक कोणते आणि किती, मॉनिटर किती, कीबोर्डला वीज कुठून, हे सगळे त्यात असते. आणि त्यातच कुठेतरी अशा अर्थाची एक ओळ असते की ध्वनिव्यवस्था मिक्सरच्या जागी ११० डीबी एसपीएल इतका आवाज न फाटता देऊ शकेल अशी असावी. कोणी १०५ लिहितात, कोणी १०० डीबीए.

ही एक ओळ आपल्याकडे चार प्रकारे वाचली जाते. खजिनदारांना त्यात भाड्याचा आकडा दिसतो. तरुण कार्यकर्त्यांना वाटते, कलाकारानेच लिहून दिले, म्हणजे आवाज मोकळा सोडायला हरकत नाही. ज्येष्ठांना डोकेदुखी दिसते. साउंडवाल्याला आणखी चार बॉक्स दिसतात. आमच्या मते या चारही वाचनांत एकच गफलत आहे. ती ओळ ‘इतका आवाज करा’ असे सांगतच नाही.

आम्ही इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीत लागलो. वीसेक वर्षे निविदा, स्पेसिफिकेशन आणि मापपुस्तिका हेच वाचत आलो आहोत. त्यामुळे रायडर पहिल्यांदा हातात आला तेव्हा आम्हाला तो परका वाटला नाही. ‘अमुक कंपनीचे किंवा समतुल्य’ ही भाषा आमच्या रोजच्या ओळखीची. स्पेसिफिकेशनमध्ये दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात: क्षमता किती आणि प्रत्यक्ष वापर किती. मोहल्ल्यातला ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा आहे म्हणून मोहल्ल्याने रोज २०० केव्हीए ओढावेत असे कोणी म्हणत नाही. रायडरमधला ११० हा ट्रान्सफॉर्मरवरच्या पाटीसारखा आकडा आहे.

मग एवढी क्षमता मागतात कशाला? तबल्यावर जोराची थाप पडते, गायक तार षड्जावर आवाज मोकळा सोडतो, ते क्षण सरासरी आवाजापेक्षा बरेच वर जातात. दहा-बारा डेसिबल सहज. सरासरी ९५ वर कार्यक्रम चालला असेल तर त्या थापेला १०५-१०७ ची जागा लागते. जागा नसेल तर अॅम्प्लिफायर त्या क्षणी आवाजाचा माथा कापतो आणि आपण म्हणतो ‘आवाज फाटला’. असा कापलेला आवाज बॉक्समधल्या ट्वीटरलाही जाळतो. म्हणून कलाकाराचा ध्वनियंत्री वर मोकळी जागा मागून ठेवतो. त्याची मागणी रास्त आहे. मात्र आपण त्या मोकळ्या जागेतच पथारी पसरली, म्हणजे सरासरीच ११० वर नेली, तर त्याने मागितलेली गोष्ट आपण त्याच्याकडून काढून घेतली असे होते.

रायडर हा कागद मुळात कशासाठी असतो याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाच्या १९८२ च्या दौऱ्याच्या रायडरमध्ये एक अट होती: स्टेजमागे एम अँड एम्स या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या ठेवा, पण त्यांत तपकिरी गोळी एकही नको. लोकांनी याला नखरे म्हटले. त्यांचा गायक डेव्हिड ली रॉथ याने पुढे आत्मचरित्रात खुलासा केला. त्यांचे सामान इतके जड आणि वीज इतकी जास्त की कागद नीट न वाचता केलेली व्यवस्था धोक्याची ठरे. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की कळायचे, आयोजकाने कागद वाचलेला नाही. मग ते सगळी व्यवस्था पुन्हा तपासायला लावत. आपल्याकडे गोळ्यांची अट अजून कोणी घातलेली नाही, पण कागद वाचणारा माणूस मंडळात आहे की नाही हे कलाकाराच्या लोकांना पहिल्या फोनवरच कळते.

आता आकड्याकडे येऊ. डेसिबलचा आकडा एकटा आला तर तो अर्धाच असतो. ‘भुसावळ ५५’ असे कोणी लिहिले तर आपण विचारू, किलोमीटर की मिनिटे? तसेच इथे विचारावे लागते.

पहिले म्हणजे, कुठे मोजायचे? रायडरमध्ये ‘एफओएच’ असे लिहिलेले असते. म्हणजे प्रेक्षकांत जिथे मिक्सर मांडून माणूस बसतो ती जागा, स्टेजपासून साधारण पंधरा-वीस मीटरवर. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि अंतर निम्मे झाले की सहाने चढतो. म्हणजे वीस मीटरवर ९५ मिळवायचे आणि बॉक्स जमिनीवर ठेवायचे, तर त्याच बॉक्ससमोर दोन मीटरवर, कागदी हिशेबाने, ११५ होतात. आपल्या मंडपात दोन मीटरवर कोण बसते? स्टेजसमोरच्या सतरंजीवर आपली लहान मुले बसतात. त्यांच्या कानाच्या उंचीवरच बॉक्स असतो. आम्हाला या सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते आणि तिला पैसाही लागत नाही. बॉक्स डोक्याच्या वर उचला, तोंड किंचित खाली मागच्या रांगांकडे झुकवा आणि सतरंजी चार मीटर मागे घ्या. बॉक्स उंच गेला की पुढच्या रांगेतला आणि मागच्या रांगेतला फरक आपोआप कमी होतो.

दुसरे, आकड्यामागे ‘ए’ आहे की ‘सी’? आपला कान खर्जातल्या आवाजाला तितका तिखट नाही. ‘ए’ पद्धतीचे मोजमाप हे लक्षात घेऊन खर्जाचे वजन कमी धरते. ‘सी’ पद्धत खर्ज जवळजवळ पुरता मोजते. नुसते निवेदन चालू असेल तर दोन्ही आकड्यांत फार अंतर पडत नाही. पण सब-वूफर लावून ऑर्केस्ट्रा सुरू झाला की ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा दहा-पंधरानेही वर जाऊ शकतो. तेव्हा एका कलाकाराचे ‘११० सी’ आणि दुसऱ्याचे ‘९८ ए’ ही मागणी जवळजवळ एकच असू शकते. अक्षर लिहिलेले नसेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. चांगला ध्वनियंत्री विचारले म्हणून खूश होतो.

तिसरे, किती वेळाचा आकडा? क्षणाचा माथा, की पंधरा मिनिटांची सरासरी? या दोहोंत किती अंतर पडते ते तबल्याच्या थापेच्या हिशेबात आलेच. सरासरीच्या आकड्यापुढे बहुधा ‘एलईक्यू’ असे लिहिलेले असते.

आता साउंडवाल्याच्या वॉटकडे वळू. ‘साहेब, दहा हजार वॉटचा सेट आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. जुन्या टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ म्हणून हजारो वॉट छापलेले असायचे आणि आत बोटभर अॅम्प्लिफायर. वॉटवरून आवाज कळत नाही, त्याला बॉक्सची संवेदनक्षमता लागते. एक साधे उदाहरण करून पाहू. एक चांगला बॉक्स एका वॉटला, एका मीटरवर १०० डेसिबल देतो असे धरा. त्याला ४०० वॉट खरेखुरे दिले तर २६ वाढतात, झाले १२६. वीस मीटरवर जाताना तेवढेच २६ उतरतात, उरले १०० डेसिबल. तसे दोन बॉक्स लावले तर साधारण १०३. हा झाला माथा. त्यातून थापेसाठी बारा सोडले तर ९१ ची सरासरी हातात राहते. वीस मीटरवर ९१ म्हणजे भावगीतांच्या कार्यक्रमाला भरपूर. दोन बॉक्स, दहा हजार वॉट कुठेच नाहीत.

आणि कोणी म्हणाले की यात नुसते दहा डेसिबल वाढवू, तर लक्षात ठेवा, तीन डेसिबल वाढवायला वीज दुप्पट लागते आणि दहा वाढवायला दसपट. ४०० वॉटचे ४००० वॉट. कानाला मात्र तो आवाज दसपट लागत नाही, सुमारे दुप्पट लागतो. खजिनदारांनी हे वाक्य डायरीत लिहून ठेवावे. रायडरमधल्या १०० आणि ११० मधला फरक भाड्यात, जनरेटरच्या आकारात आणि डिझेलात निघतो, टाळ्यांत तितका निघत नाही.

इथपर्यंत कलाकाराचा आकडा झाला. दुसरा आकडा कायद्याचा आहे आणि तो मोजण्याची जागा वेगळी आहे. केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्याआधीपासून आपल्या राज्याचा मध्यप्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल १८ जुलै २००५ चा. आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याचे नवे मुख्यमंत्री डॉ. मोहन यादव यांनी शपथ घेतली त्याच दिवशी निघालेला पहिला आदेश ध्वनिवर्धकांविषयीचाच होता, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हापासून तपासणीला येणारी पथके कागद मागतात.

नियम असा: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ‘ए’, रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर, म्हणजे आपल्या मैदानाच्या कुंपणाशी, त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा जास्त किंवा ७५, यांतले जे कमी असेल तितकेच चालते. निवासी भागात दिवसाचा हिशेब झाला ६५. रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवतीची शांतता क्षेत्रे आणखी वेगळी. तिथे ध्वनिवर्धक लावणे हाच गुन्हा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक फक्त बंद सभागृहात, आतल्या आत. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते, पण ती अटींसह मिळते आणि मागावी लागते. ‘गणपतीत चालते’ हा काही नियम नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले. त्यालासुद्धा या दहाच्या मर्यादेपुढे आपले वेळापत्रक बदलावे लागले. मग आपली काय कथा!

आता दोन्ही आकडे एका मैदानात उभे करू. समजा मिक्सर पंधरा मीटरवर आहे आणि तिथे सरासरी ८५ आहेत. समोरचे कुंपण साठ मीटरवर. अंतर दोनदा दुप्पट झाले, म्हणून बारा उतरले, राहिले ७३. परवानगी ६५ ची. म्हणजे मिक्सरवर ७७ च्या वर जाता येत नाही. रायडरमधले ११० आणि कुंपणावरचे ६५ यांचे भांडण आहे असे वाटते ते इथे. पण नीट पाहिले तर क्षमतेचा आकडा तसाच ठेवूनही कार्यक्रम ७७ वर चालवता येतो. अडचण फक्त इतकीच की ७७ मध्ये ऑर्केस्ट्रा रंगत नाही. त्यामुळे आमचे स्पष्ट मत असे: ढोलकी-ड्रमसेट असलेला कार्यक्रम उघड्या मैदानात, घरांच्या मधोमध ठेवूच नये. तो सभागृहात घ्यावा, दारे-खिडक्या लावून. मैदानात निवेदन, नाटक, कीर्तन, भावगीत. हा निर्णय साउंडवाला ठरवायच्या आधी, कार्यक्रम ठरवतानाच व्हायला हवा. रायडर आल्यावर मैदान शोधत बसलो तर उशीर झालेला असतो.

शनवारा, इतवारा या आपल्या जुन्या भागांत आणखी एक पंचाईत आहे. गल्ल्या अरुंद, समोरासमोर उंच भिंती. मोकळ्या मैदानाचा सहा डेसिबलचा हिशेब तिथे लागू पडत नाही, कारण आवाज पसरायला जागाच नसते. तो भिंतीवरून भिंतीवर आपटत पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाच्या उशाशी पोचतो. तिथे एका मोठ्या सेटऐवजी दर बारा-पंधरा मीटरवर एक छोटा बॉक्स, अगदी हळू आवाजात, असे करावे. मागच्या बॉक्सला किंचित उशिराने आवाज सोडावा लागतो, नाहीतर शब्द दुहेरी ऐकू येतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पंधरा मीटरला सुमारे ४४ मिलिसेकंद. आजकालच्या साध्या डिजिटल मिक्सरमध्येही ही सोय असते. साउंडवाल्याला नुसते ‘डिले लाव’ म्हटले की कळते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला तर शब्द कळतातच असे नाही. शब्दाचा अर्थ आपण व्यंजनांवरून ओळखतो आणि व्यंजने वरच्या पट्टीत असतात, कमजोर असतात. खर्ज वाढला की ती झाकली जातात. पत्र्याच्या छताच्या किंवा उघड्या फरशीच्या हॉलमध्ये आवाज वाढवला की घुमणेही तितकेच वाढते. प्रमाण तेच राहते. शब्द कळायला तो भोवतालच्या गोंगाटापेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर असावा लागतो. मंडपातला गोंगाट ६० असेल तर ७५ पुरे. गोंगाट ६८ वर गेला तर ८३ लागतात. आणि तो ६८ वर नेतो कोण? स्टेजमागे उभा केलेला जनरेटर आणि खुर्च्यांमधले मोठे पेडस्टल पंखे. जनरेटर चाळीस मीटर लांब नेला तर केबलचा खर्च येतो, पण तीन डेसिबलचा गोंगाट कमी होणे म्हणजे अॅम्प्लिफायर फुकटात दुप्पट झाल्यासारखेच आहे.

आमच्या मते आपल्या मंडळाला या गोष्टीची गरज पुण्यापेक्षा जास्त आहे. आपल्यातली कित्येक घरे तीन-तीन, चार-चार पिढ्या इथे आहेत. मुलांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत, बाजार हिंदीत, मित्र हिंदीत. घरात आजी बोलते तेवढीच मराठी कानावर. वर्षातून दहा दिवस मुलांना चांगले, सभेतले, रंगभूमीवरचे मराठी ऐकायला मिळते. त्या दहा दिवसांत कानावर आवाज आदळला आणि शब्द आलाच नाही, तर वर्गणी कशाची गोळा केली? ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त ‘मानापमान’ केला तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. गच्च भरलेल्या थिएटरात पद पोचले ते गळ्याच्या कमाईवर, नाट्यगृहाच्या बांधणीवर आणि शांत बसलेल्या प्रेक्षकांवर. आपण आता काही बिनमाइकचे नाटक करणार नाही. पण शांत प्रेक्षक ही व्यवस्थेतलीच एक वस्तू आहे, आणि ती कोणत्याही साउंडवाल्याच्या कोटेशनमध्ये येत नाही.

आपल्या गावाची आणखी एक खूण म्हणजे पॉवरलूम. लूमच्या शेडमध्ये आवाज नव्वदीच्या घरात आणि वर असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० ही मर्यादा धरली आहे. तीस वर्षे तिथे काढलेले काका कार्यक्रमाला येतात आणि चिठ्ठी पाठवतात, ‘आवाज वाढवा’. वाढवला की तेच कानावर हात ठेवतात. हा हट्ट नव्हे. गोंगाटाने कानाची नस अधू झाली की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम सहन होत नाही. मधली पट्टी अरुंद होते. अशांसाठी सगळ्या मंडपाचा आवाज चढवण्यापेक्षा पुढे, पण बॉक्सपासून बाजूला, दोन रांगा राखून ठेवाव्यात, जिथून वक्त्याचे ओठ दिसतात. ओठ दिसले की निम्मे काम होते.

मुलांच्या बाबतीत मोजमाप असे आहे. अमेरिकेच्या निओश संस्थेचा हिशेब ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर नसावी असे सांगितले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीचे मोजमाप घेतात. शंभरच्या वरचे आकडे तिथे नवे नाहीत. लंडनमध्ये ३१ मे १९७६ रोजी द हू या वाद्यवृंदाने ३२ मीटरवर १२६ डेसिबलचा विक्रम केला होता. गिनेसवाल्यांनी पुढे हा विक्रमाचा प्रकारच बंद केला, लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून. ढोल-ताशाबद्दल इतकेच की त्याला माइक लावू नये. तो स्वतःच पुरेसा आहे.

आता काम कसे करायचे ते सांगतो. मागे एका वाद्यवृंदाचा रायडर आला, त्यात ११० डीबी एवढेच. अक्षर नाही, वेळ नाही. आम्ही समितीच्या वतीने त्यांच्या ध्वनियंत्र्याला पत्र लिहिले. कार्यक्रम बंद सभागृहात आहे, लांबी २५ मीटर, चारशे खुर्च्या, छत पत्र्याचे. परवानगी दहापर्यंतची आहे. आमच्याकडे अमुक सेट मिळतो, त्याच्या बॉक्सची माहितीपत्रके जोडली आहेत. आपला आकडा ‘ए’ की ‘सी’, माथा की सरासरी, आणि प्रत्यक्ष कार्यक्रम आपण कितीवर चालवता? दोन दिवसांत उत्तर आले. तो आकडा मोठ्या मैदानासाठीचा, ‘सी’ पद्धतीचा माथा होता. एकच कागद ते सगळीकडे पाठवतात. या सभागृहाला ९८ ‘ए’ची क्षमता पुरे, आणि कार्यक्रम साधारण ८८ वर चालवू, असे त्यांनी कळवले. चार सब-वूफरचे दोन झाले. जे वाचले त्यातून भिंतीला जाड पडदे लावले, त्याने घुमणे कमी झाले. मध्यंतरात गायिकेने मॉनिटर वाढवून मागितला, तेव्हा स्टेजवरचाच आवाज पुढच्या रांगांत यायला लागला. त्यांच्या ध्वनियंत्र्याने मॉनिटर वाढवण्याऐवजी तो फिरवून दिला. आपल्यातल्या काही तरुणांनी नंतर तक्रार केली की ‘छातीत धडधडले नाही’. खरे आहे, धडधडले नाही. पण निवेदिकेचे शेवटच्या रांगेपर्यंत सगळे कळले, आणि दहाला दहा कमी असताना पडदा पडला.

हे पत्र कार्यक्रमाच्या एक महिना आधी जायला हवे. त्यांचे उत्तर कराराला जोडायचे, आणि त्याचीच एक प्रत परवानगीच्या अर्जासोबत एसडीएम कार्यालयात द्यायची. तोंडी ‘हो हो, बघू’ यावर काही ठेवू नये. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ध्वनियंत्री नवा असतो आणि त्याच्या हातात जुना कागद असतो. साउंडवाल्याशी करताना वॉट लिहू नयेत. ‘मिक्सरच्या जागी इतके डेसिबल ए, न फाटता, आणि समोरच्या कुंपणावर इतक्याच्या वर नाही’ असे लिहावे. रात्री पैसे देताना भांडण होत नाही.

मोजायला मोबाइलचे अॅप चालते का, असे काल दोघांनी विचारले. अंदाजाला चालते, पुराव्याला चालत नाही. दोन फोन शेजारी ठेवले तर आकड्यांत पाच-सातचा फरक सहज दिसतो, आणि मोठ्या आवाजाला फोनचा माइक आपणहून दबतो. त्यामुळे या वर्षी मंडळाने एक साधे मीटर घ्यावे असा आमचा प्रस्ताव आहे. दोन कार्यकर्त्यांनी दर अर्ध्या तासाला तीन जागी आकडा वहीत लिहायचा: मिक्सर, पहिली सतरंजी, आणि सर्वांत जवळच्या घराकडचे कुंपण. वेळेसह. तपासणीला कोणी आले तर वही पुढे करता येते.

मित्राकडून मागून आणलेले एक मीटर इथे आहे. पहिल्या रांगेपासून मागे पाठवतो. आत्ता आम्ही माइकशिवाय बोलत आहोत आणि वर दोन पंखे चालू आहेत, तेवढ्याचा आकडा प्रत्येकाने आपल्या जागेवरून पाहून घ्यावा. बटण ‘सी’वर असेल, ते ‘ए’वर सरकवा. आणि मागच्या बाकावरच्या मंडळींनी आकडा मोठ्याने सांगावा, म्हणजे फळ्यावर लिहितो.